बुवा थांबल्यानंतरचे टाळ

सातवीण फुलली आहे. संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडलं की तो गोडसर, डोकं जड करणारा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि मी दचकतो. पूर्वी असं होत नसे. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहायला आलो तेव्हापासून या वासाचा अर्थ एवढाच होता, की पावसाळा आटपला, गाद्या उन्हात टाका, दिवाळीच्या खरेदीचं बघा. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून मात्र त्याला भीती चिकटली आहे. वास आला की मी आधी जागच्या जागी थांबतो आणि काय काय ऐकू येतंय ते तपासतो. पंखा येतो. रस्त्यावरची रिक्षा येते. वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकते, तीही येते. मग जरा बरं वाटतं आणि मी चहा टाकतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी स्पीकर निवडत होतो. माणसं कशाकशाला घाबरतात, मी दोन लाकडी खोक्यांना घाबरलो. बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो. चांगल्या स्पीकरवर गाणं ऐकायचं हे वेड तरुणपणापासूनचं, पण आधी जागा लहान होती, मग मुलीचा अभ्यास, मग तिचं लग्न, असं करत ते मागे मागे सरकत राहिलं. नीता, माझी बायको, एक दिवस वैतागून म्हणाली, "घेऊन टाक रे एकदाचे. किती वर्षं नुसते फोटो बघणार आहेस मोबाइलवर?" नीता शाळेत शिकवते. तिचा आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या आवाजानं माझं किती काय झाकून ठेवलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमारास मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता. आमच्या मागे, डोंगराच्या कडेनं, एका टॉवरचं काम चालू झालं होतं. मी लिहिलं, की पाऊस संपला की आपल्याकडे तिन्हीसांजेला रातकिडे नुसता कल्ला करतात. यंदा एकही नाही. झाडी तोडली, जमीन खणली, बिचारे गेले. आपण असंच बघत बसायचं का? आता मुंबईत बिल्डरच्या विरुद्ध काहीही लिहा, खरंखोटं करायला कोणी जात नाही. पटापट अंगठे आले. आमचे सेक्रेटरी सावंत यांनी "अगदी खरं, मीही हेच म्हणणार होतो" असं लिहिलं. तळमजल्यावरच्या काकूंनी रडका चेहरा टाकला. दोन-तीन दिवस लिफ्टमध्ये भेटेल तो मला म्हणत होता, "काय जबरी लिहिलंत हो!" मी सोसायटीचा पर्यावरणवाला झालो होतो आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही होतं.

घाटकोपरला मेहुलभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडक्यांना जाड पडदे, भिंतींना फोम आणि मधोमध एकच खुर्ची. खुर्चीचे पाय कुठे यायला हवेत त्याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीनं केलेल्या. खाली भाजीवाले, हॉर्न, मेट्रोच्या जिन्याकडे धावणारी माणसं. दार लावलं की ते सगळं जागच्या जागी बंद. पहिल्यांदा मला ती शांतता फार सुखाची वाटली.

मेहुलभाई पन्नाशीचे, बोलायला गोड, पण नियमांना कडक. "साहेब, स्पीकर डोळ्याने घ्यायचा नाय," असं म्हणून ते दोन्ही जोड्यांसमोर पातळ काळा कपडा सोडत, म्हणजे कुठली जोडी वाजतेय ते गिऱ्हाइकाला दिसू नये. दोन्हींचा आवाज यंत्रावर मोजून अगदी सारखा करत, कारण जरा मोठं वाजलं की माणसाला तेच चांगलं वाटतं. एक जोडी उंच, सडपातळ, जमिनीवर उभी राहणारी. ती वरचे सूर लख्ख दाखवते, म्हणाले. दुसरी ठेंगणी, स्टँडवर ठेवायची, माणसाच्या गळ्याला चांगली. "आणि माझी गाणी ऐकू नका," ते म्हणाले. "ती सगळ्यावर चांगलीच वाजणार. तुमच्या घरातलं कायतरी आणा, जे तुम्हाला पाठ आहे. त्यात काय बदललं ते तुम्हाला बरोबर कळेल."

मला बरोबर कळलं.

मी घेऊन गेलो होतो ते आमच्या गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग. गणपतीत आमच्या घरी झालेलं, जुन्या कॅसेटवरचं. चुलतभावानं ते मोबाइलवर आणून दिलं होतं. त्यात माझे वडील, आबा, टाळ वाजवतायत. आबा लालबागच्या एका गिरणीत सांचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. सांच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलं आणि कान त्यातच गेले. मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. तरी गावी गेले की भजनाला बसायचेच. कडेला, भिंतीला टेकून बसत. बुवांच्या हातावर नजर ठेवत, पखवाज जमिनीतून मांडीला कळायचा आणि तेवढ्यावर टाळ वाजवत. चुकत नसत. फक्त या एका वेळी चुकले. गजर रंगात आला आणि त्यांचे डोळे मिटले. बुवा थांबले, पखवाज थांबला, सगळे थांबले आणि आबा एकटे वाजवत राहिले. चांगला बराच वेळ. मग कोणी तरी त्यांच्या गुडघ्याला हात लावला असावा, कारण टाळ थांबतात आणि ओटीवरची सगळी माणसं खदखदून हसतात. त्या हसण्यात आबांचंही हसणं आहे. आमच्या घरात हा तुकडा लाडका. मुलगी लहानपणी परत परत लावायला सांगायची. गेल्या कित्येक वर्षांत मात्र कोणी तो लावला नव्हता.

मी खुर्चीत बसलो, नीता मागच्या सोफ्यावर. मेहुलभाईंनी काळ्या कपड्याआडून पहिली जोडी चालू केली. बुवांचा आवाज असा आला की वाटलं, ते समोर मांडी घालून बसलेत. पेटीचा भाता ओढल्याचंसुद्धा कळत होतं. गजर चढत गेला, थांबला. आणि पुढे काहीच नाही. रिकामं. आबा नाहीत. मग एकदम माणसं हसली. कशाला हसली कोण जाणे.

मी म्हटलं, "मेहुलभाई, हा स्पीकर टाळ खातोय. दुसरा लावा." दुसरा लावला. गजर थांबला, रिकामं, हसणं. मी म्हटलं, मोबाइलवर घेतानाच बिघडलं असणार, कॅसेट किती जुनी! आणि मागे वळून बघितलं तर नीता पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. "काय स्वच्छ आलेत रे आबांचे टाळ," ती म्हणाली. "पहिल्यावर तर अगदी कानाशी वाजत होते ना?"

मी हसलो. म्हटलं, "हो ना."

ते हसू माझ्या तोंडावर असतानाच मी ते ओळखलं. ते माझं नव्हतं. ते आबांचं होतं. समोरचा काही बोलला की आबांचे डोळे आधी त्याच्या ओठांवर जात, मग ते क्षणभर थांबत आणि हसत. प्रश्नाला हसत, चेष्टेला हसत. कोणी गेल्याची बातमी सांगितली तरी आधी हसत आणि मग सांगणाऱ्याचा चेहरा बघून घाईघाईनं हसू पुसून टाकत. लहानपणी मला त्या हसण्याची लाज वाटायची. पुढे कीव यायला लागली. त्या खोलीत पहिल्यांदा त्याची भीती वाटली. कारण बाहेरून ते हसू दिसतं, पण आतून कसं असतं ते मला तेव्हा कळलं. आतून ते हसू नसतंच. अंधारात भिंत चाचपावी तसं काहीतरी असतं. मेहुलभाई चहा घेणार का विचारत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाल्कनीत उभा होतो. सातविणीचा वास दाटला होता. नीता आतून फोनवर मुलीशी बोलत आली आणि दार धाडकन लावून घेत म्हणाली, "थांब गं, काही ऐकू येत नाही. काय कर्कश ओरडतायत मेले रातकिडे!" ती आत गेली. मी त्या बाजूला राहिलो, डोंगराकडे तोंड करून. डोंगर होता, झाडी होती, वास होता. आवाज नव्हता. म्हणजे रातकिडे कुठेच गेले नव्हते. माझ्या मेसेजखाली अजून अंगठे येत होते. सोसायटीतल्या एकाही माणसानं कान देऊन ऐकलं नव्हतं, आणि मी दिला होता तरी उपयोग नव्हता. मी कठडा घट्ट धरला.

मग तो सगळा ऑक्टोबर मी स्पीकर बघत हिंडलो. अंधेरी झालं, बोरिवली झालं, घाटकोपरच्या तर किती फेऱ्या झाल्या. नीता म्हणायची, "स्पीकर बघतोयस की जावई?" मेहुलभाईंना वाटे, गिऱ्हाईक चोखंदळ आहे. प्रत्यक्षात मी स्पीकर ऐकतच नव्हतो, कान तपासत होतो. प्रत्येक नव्या खोलीत तेच भजन लावायचं आणि बुवा थांबले की श्वास रोखून वाट बघायची. कुठे तरी, कुठल्या तरी महागड्या स्पीकरवर आबा सापडतील अशी वेडी आशा. डॉक्टरांकडे जायचं धाडस नव्हतं. डॉक्टर नक्की सांगतील, याचीच तर भीती होती.

गंमत म्हणजे याच काळात माझ्या कानांची कीर्ती झाली. काळ्या कपड्याआडून कुठलीही जोडी वाजली तरी मी बिनचूक सांगायचो, ही उंच, ही ठेंगणी. मेहुलभाई इतर गिऱ्हाइकांना माझं उदाहरण द्यायला लागले, "या साहेबांचे कान म्हणजे सोनं!" मी काय करायचो, ते त्यांना माहीत नव्हतं. खुर्चीतून मान जराशी तिरकी केली की भिंतीवरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मागे बसलेल्या नीताचा चेहरा दिसायचा. उंच जोडी वाजली की बुवा थांबल्यावर तिचे डोळे भरून यायचे. ठेंगणी वाजली की ती नुसतीच हसायची. मी बायकोच्या तोंडाकडे बघून स्पीकर ओळखत होतो. आबा बुवांच्या हाताकडे बघून ठेका ओळखत होते, यात फरक तो काय?

आईची आबांशी बोलायची एक रीत होती. त्यांना कधीही मागून हाक मारायची नाही. हातातलं काम टाकायचं, पुढ्यात यायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं आणि मग बोलायचं. मीठ हवं का, एवढं विचारायचं असलं तरी. चाळीतल्या बायका तिला हसत. म्हणत, हिचा नवरा मोठा साहेबच, समोर जाऊन वर्दी द्यावी लागते.

दिवाळी जवळ आली तरी मी निवडत नव्हतो. एका दुपारी पेपर वाचत होतो. नीता स्वयंपाकघरातून आली, हात पुसत माझ्या समोर उभी राहिली, खिडकीकडे तोंड करून, आणि म्हणाली, "चिवड्यात काजू घालू की नको?" पेपर माझ्या हातातून खाली गेला. ही काजूसाठी आतून इथवर का आली? पूर्वी तर ओट्यापाशी उभी राहून ओरडायची. आणि उजेड नेमका तोंडावर पडेल अशी का उभी राहिली?

"तू कधीपासून अशी पुढ्यात येऊन बोलतेस गं?" मी विचारलं.

ती शेजारी बसली. उठून पुन्हा समोरच्या खुर्चीत बसली.

"झाली की वर्षं," ती म्हणाली. "आईंनी लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. म्हणाल्या, 'आमच्या घरातल्या पुरुषांका पाठीसून हाक मारू नको गो. फुडे येवन बोल, तोंडार उजेड घेवन.' मला तेव्हा वाटलं, आबांबद्दलच बोलतायत. नंतर तुझं तसं व्हायला लागल्यावर आठवलं."

"आणि ते रातकिडे? तो मेसेज?"

"वाचला होता. काय बोलणार होते मी? सगळे तुला शाबासकी देत होते." मग तिचा तो शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज एकदम बारीक झाला. ओठ हलताना दिसले, शब्द आले नाहीत. मी म्हटलं, "काय?" ती मोठ्यानं म्हणाली, "मी पण घाबरलेय, म्हटलं!"

मला वाटत होतं, भीती माझी एकट्याची आहे आणि ती मी तिच्यापासून लपवतोय. ती तर माझ्याआधीपासून घाबरून बसली होती.

तपासणीला तिनंच नेलं. काचेची छोटी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी यंत्रासमोर बसली होती. सुरुवातीचे आवाज आले, मी दाबले. मग ते बारीक बारीक होत गेले आणि माझं लक्ष नकळत तिच्या हाताकडे गेलं. तिचं बोट खाली गेलं की मी बटण दाबायचो. ठरवून केलं नाही. पण करत होतो, आणि मनात पाचवीतल्या पोरासारखा आनंद होत होता, की बघा, सगळं बरोबर येतंय! थोड्या वेळानं ती आत आली, माझ्या समोर उभी राहून म्हणाली, "काका, जरा पाठ करून बसता का?" आणि तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली.

त्या पांढऱ्या भिंतीची मला अजून स्वप्नं पडतात. हातात बटण, आणि काही नाही. आवाज आला होता का? आता येतोय का? मी न दाबलेला प्रत्येक क्षण म्हणजे कदाचित एक गेलेला आवाज. रडू येईल असं वाटलं. नीता दाराशी उभी होती, पण मला तिच्याकडे पाठ करून बसावं लागत होतं.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, वरचे बारीक आवाज गेलेत, बाकीचे आहेत, हळूहळू तेही कमी होतील, किती हळू ते सांगता येत नाही. मी म्हटलं, आबांचं सांच्यांमुळे झालं, मी तर आयुष्यभर एसीत बसून कागद बघितले. ते म्हणाले, काही घराण्यांत असतं. कानाला लावायचं यंत्र दिलं. बोलणं त्यानं पुष्कळ सुधारलं. गाणं मात्र त्यातून पत्र्यावर चमचे आपटल्यासारखं येतं, म्हणून गाण्याला मी ते काढून ठेवतो.

आणि स्पीकर? शेवटच्या फेरीला मी नीताला त्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः सोफ्यावर बसलो. म्हटलं, तू निवड. तिनं उंच जोडी सांगितली. मी म्हटलं, "अगं, त्यात जे जास्त आहे ते मला ऐकूच येत नाही. ठेंगणी घेऊ. बुवा चांगले वाजतात त्यावर."

"मला येतं ना ऐकू," ती म्हणाली. "मी सांगेन तुला."

मेहुलभाईंना मी खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग ते सोन्याचे कान?" मी नीताकडे बोट दाखवलं.

आता वर्ष झालं. हॉलमध्ये ती उंच जोडी उभी आहे. संध्याकाळी आम्ही भजन लावतो. नीता दोन्हींच्या मधे, माझ्याकडे तोंड करून बसते आणि टाळ वाजायला लागले की रिकाम्या हातांनी टाळ वाजवते. तिचे हात बघितले की मला आबा ऐकू येतात. येतात म्हणजे काय, आठवतात, पण ठेक्यात आठवतात. भीती गेलेली नाही. यंदा पेटीचे वरचे सूर जरा पुसट झालेत की काय अशी शंका आहे. ती मी नीताला अजून बोललो नाही. तिनं ओळखली असेल.

काल दार उघडं होतं, सातविणीचा वास आत आला होता. गजर चढला, बुवा थांबले, पखवाज थांबला. नीताचे हात एकटेच चालू राहिले. मी बघत होतो. मग तेही थांबले. आता माणसं हसणार म्हणून मी वाट बघू लागलो. हसणं आलं नाही. आणखी थांबलो. काही नाही. म्हणजे हसणंही गेलं? एवढ्यात? ती ओटीवरची माणसं, आबांचं ते हसणं, तेही? मी नीताकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, ती घाईघाईनं पुढे वाकली आणि उजेड तोंडावर घेऊन म्हणाली, "अरे, हात दुखले माझे! आबा वाजवतायत अजून, थांब."

आणि मग ते आलं. ओटीवरचे सगळे खदखदून हसले, आणि त्यांच्यात आबाही. मला स्वच्छ ऐकू आलं. मीही हसलो. या वेळी ऐकून हसलो.